बदकाची अंडी घरच्या पेटीत उबविताना

येलदरीहून आलेले पूर्णा नदीचे पाणी जेथे पुन्हा अडविले जाते, ते सिद्धेश्वर धरण हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे. १९६८ साली हे धरण पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांवर हळद, ऊस व गहू यांचे मळे उभे राहिले. एवढे पाणी डोळ्यांसमोर असता दारात चार बदके असावीत, असा विचार या भागातील कुटुंबाच्या मनात येणे स्वाभाविकच होय. मग कोठून तरी डझनभर अंडी आणली जातात. थर्माकोलच्या खोक्यात दोन बल्ब व पाण्याची वाटी ठेवून ती उबवावयास घातली जातात. पूर्ण अठ्ठावीस दिवस घरातील कोणी ना कोणी त्या खोक्याची राखण करतो. मुदत भरल्यावर मात्र तीन-चार पिले बाहेर येतात आणि बाकीची अंडी मुकीच राहतात. ती फोडून पाहिली तर आत पूर्ण वाढ झालेले, अंगावर लव आलेले पिलू मेलेले आढळते.

कोंबडीची अंडी याच खोक्यात बरी निघाली होती, मग बदकाचीच का जावीत, असा प्रश्न गृहिणी करते. या नुकसानीचे उत्तर बहुतेक वेळा याच प्रश्नात दडलेले असते. बदकाचे अंडे हे कोंबडीचे मोठे अंडे नव्हे. त्याची मुदत निराळी, त्याची पाण्याची व हवेची गरज निराळी, आणि शेवटच्या दिवसांतील त्याचे वागणेही निराळे असते.

पेटीची गरज का पडते

भारतात अंड्यांसाठी सुधारित बदक म्हणून खाकी कॅम्बेल ही जात प्रसिद्ध आहे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील ॲडेल कॅम्बेल या बाईंनी ती इ. स. १९०० च्या सुमारास तयार केली. चांगल्या निगेखाली या जातीची मादी वर्षाला तीनशेच्या जवळपास अंडी देते. पण निसर्गाने एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले आहे. ही मादी सहसा खुडूक होत नाही व अंड्यांवर बसत नाही. म्हणून तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली तरी ठेवावी लागतात, नाहीतर पेटीत तरी घालावी लागतात.

यांपैकी कोंबडीचा मार्ग कमी लेखू नये. चांगली बसणारी गावठी कोंबडी आठ ते दहा बदक-अंडी सांभाळते, वीज मागत नाही आणि उष्णतामान चुकवीत नाही. तिला एकवीसऐवजी अठ्ठावीस दिवस बसावयाचे असते, म्हणून तिच्या दाणापाण्याची अधिक काळजी घ्यावी म्हणजे झाले. अंडी मोठी असल्याने तिला ती नीट फिरविता येत नाहीत, त्यामुळे दिवसातून दोन-तीन वेळा ती हातांनी फिरवून द्यावीत. ज्या घरात पहिल्यानेच हा प्रयोग व्हावयाचा आहे, तेथे पहिली घाल कोंबडीखाली टाकणे शहाणपणाचे. पेटीचा विचार करावा तो त्यापेक्षा अधिक अंडी एका वेळी उबवावयाची असतील तेव्हा, किंवा खुडूक कोंबडी मिळत नसेल तेव्हा.

अंडी निवडताना

बाजारात खाण्यासाठी विकली जाणारी अंडी फळलेली असतीलच असे नाही. ज्या कळपात पाच ते सात माद्यांमागे एक निरोगी नर आहे, अशा ठिकाणचीच अंडी घ्यावीत. मादी पहाटे व सकाळी अंडी घालते, यास्तव बदके नऊ वाजेपर्यंत कोंडून ठेवावीत म्हणजे अंडी चिखलात वा पाण्यात पडत नाहीत. घाणीने माखलेले अंडे पेटीतील उबेत सडते आणि कधी कधी फुटून शेजारची अंडीही नासविते. थोडा मळ कोरड्या फडक्याने पुसावा. धुणे भागच असेल तर अंड्याहून कोमट पाण्याने धुवावे. गार पाण्याने अंड्याच्या आतील भाग आकसतो व कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते.

अंडी सात दिवसांहून जुनी नसावीत. साठवणीची जागा गार हवी, कारण साधारण वीस अंश सेल्सिअसच्या वर अंड्यातील जीव हळूहळू वाढू लागतो आणि अर्धवट वाढून मरतो. मराठवाड्यातील वैशाखात घरातील उष्णतामान कोठे जाते हे सांगावयास नको. त्या दिवसांत ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात अंडी ठेवली तरी चार दिवसांच्या वर भरवसा धरू नये. दूरवरून एस.टी.ने वा रेल्वेने आणलेली अंडी हादरलेली असतात. ती टोकाची बाजू खाली करून एक दिवस स्वस्थ ठेवावीत व मगच पेटीत घालावीत.

पेटी आणि तिची परीक्षा

पेटी थर्माकोलची असो वा लाकडी, तिच्यात उष्णता देणारे दोन लहान बल्ब, उष्णतामान-नियंत्रक, हवा खेळविणारा छोटा पंखा, पाण्याची पसरट थाळी आणि हवेची भोके एवढ्या गोष्टी लागतात. एका मोठ्या बल्बपेक्षा दोन लहान बरे, कारण एक गेला तरी दुसरा अंडी तगवून धरतो. बल्ब थर्माकोलला लागू देऊ नये व त्याखाली पत्र्याचा आडोसा असावा. पाणी व विजेची तार एकाच पेटीत येत असल्याने तारेचे जोड उघडे ठेवणे म्हणजे घरातील लेकरांच्या जिवाशी खेळ होय. जोड जाणत्या माणसाकडून करून घ्यावेत.

पंखा असलेल्या पेटीत उष्णतामान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे. पंखा नसेल तर वरची हवा तापते व खालची गार राहते, म्हणून अंड्याच्या वरच्या पातळीवर मोजून ३८.५ अंशांच्या आसपास ठेवावे. आता प्रश्न असा, की स्वस्त उष्णतामापकावर विश्वास किती ठेवावा? अर्ध्या-एक अंशाची चूक अठ्ठावीस दिवस चालली तर पिले दोन दिवस आधी निघतात वा दोन दिवस उशिरा, आणि अशक्त निघतात. घरोघरी असलेला ताप मोजण्याचा उष्णतामापक येथे उपयोगी पडतो. कोमट पाण्याच्या भांड्यात दोन्ही मापके एकत्र धरून पाहावीत. पेटीतल्याचे टोक पाण्यात बुडविण्याजोगे नसेल तर ते पातळ पिशवीत गुंडाळावे. जो फरक दिसेल तो पेटीवर लिहून ठेवावा.

आर्द्रतामापकाची परीक्षाही स्वयंपाकघरातच होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याने ओले करावे, पण विरघळू देऊ नये. ते झाकण व मापक एका घट्ट डब्यात आठ-दहा तास ठेवावे. डब्यातील हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ६८ दाखवीत असेल तर ते सात टक्के कमी दाखविते असे समजावे. अंडी घालण्यापूर्वी रिकामी पेटी दोन दिवस चालवून पाहावी व त्यातील चढउतार लिहावेत. अंडी घातल्यावर पेटी दुरुस्त करीत बसणे म्हणजे लग्न लागत असताना मांडव घालणे होय.

जलाशय जवळ असला तरी पेटीतील हवा कोरडीच

सिद्धेश्वरसारख्या गावी एक समजूत सहज होते. पाणी जवळ आहे, हवेत ओल आहे, तेव्हा अंड्यांना ओल कमी पडणार नाही. ही समजूत फसवी आहे. हवा तापविली की तिची पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढते व तीच हवा कोरडी ठरते. हिवाळ्यातील सकाळची १५ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता हिशेबाने सुमारे १६ टक्क्यांवर येते. उलट श्रावणातील २७ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा तापली तरी ती ४७ टक्क्यांच्या आसपास राहते. एकच पेटी, एकच थाळी, आणि ऋतू बदलताच आतील स्थितीत केवढा फरक पडतो!

बदकाच्या अंड्यांना पहिले पंचवीस दिवस ५५ ते ६० टक्के आर्द्रता मानवते. ज्यांच्याकडे ओल्या फडक्याची वात लावलेला उष्णतामापक आहे, त्यांच्या पेटीत तो २९ ते ३० अंश दाखवील. आर्द्रता वाढवावयाची तर थाळी खोल नव्हे, पसरट करावी, कारण वाफ होते ती पाण्याच्या पृष्ठभागावरून. थाळीत कापडाचा तुकडा उभा करून ठेवला तरी पृष्ठभाग वाढतो. हवेची भोके बुजवून ओल कोंडू नये. अंड्यातील जीव श्वास घेतो, आणि जसजसा तो मोठा होतो तसतशी त्याला अधिक हवा लागते.

तथापि बहुसंख्य घरांत आर्द्रतामापक नसतो किंवा असला तरी खरा नसतो. अशा वेळी तराजू हा सर्वांत विश्वासू साक्षीदार होय. उबताना अंड्यातील पाणी कवचाच्या छिद्रांतून उडून जाते व त्या प्रमाणात रुंद टोकाकडील हवेची पोकळी मोठी होते. पंचवीस दिवसांत अंड्याचे वजन १२ ते १४ टक्के घटले पाहिजे. दहा अंड्यांचे वजन पहिल्या दिवशी ७०० ग्रॅम भरले असेल तर चौदाव्या दिवशी ते ६५० ग्रॅमच्या आसपास व पंचविसाव्या दिवशी ६१० ग्रॅमच्या आसपास भरावे. मधे काही अंडी बाद करून काढली तर उरलेल्यांचेच मूळ वजन हिशेबात धरावयाचे, हे ध्यानात असावे. याकरिता प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक व पहिले वजन लिहून ठेवणे सोयीचे. ग्रॅम दाखविणारा साधा वजनकाटा एवढ्या कामास पुरतो.

वजन फार घटत असेल तर थाळी मोठी करावी, आणि घटतच नसेल तर थाळी लहान करावी वा काही दिवस काढून ठेवावी. दुसरी गोष्ट पुष्कळांना पटत नाही. बदक पाण्यातला पक्षी, त्याला जितके पाणी तितके बरे, असे मानून दिवसभर फवारा मारला जातो. मग पाणी बाहेर पडत नाही, हवेची पोकळी लहान राहते, आणि सव्विसाव्या दिवशी पिलू जेव्हा पहिला श्वास घेण्यासाठी त्या पोकळीत चोच घालते तेव्हा तेथे पुरेशी हवाच नसते. मेलेले पिलू ओले, सुजलेले व अंडे भरून टाकणारे दिसते, ते यामुळे. अति कोरडेपणाने मेलेल्या पिलाचे चिन्ह निराळे. ते लहानखुरे असते व आतील पापुद्रा त्याच्या अंगाला कातड्यासारखा चिकटलेला असतो. न निघालेली अंडी उकिरड्यावर टाकण्यापूर्वी फोडून पाहिली तर पुढील घालीसाठी एवढे ज्ञान फुकट मिळते. फोडल्यावर ती खोल पुरावीत व हात साबणाने धुवावेत.

फिरविणे, पारखणे व गार करणे

अंडी आडवी ठेवावीत व रुंद टोक किंचित वर असावे. एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढून ती दिवसातून किमान तीन, जमल्यास पाच वेळा फिरवावीत. ही संख्या विषम ठेवण्याचे कारण असे, की रात्रीचा लांब वेळ अंडे रोज एकाच कुशीवर राहू नये.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या उजेडासमोर अंडी पारखावीत. मध्ये काळा ठिपका व त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या निघालेल्या तांबड्या शिरा दिसल्या तर अंडे चांगले. अगदी स्वच्छ दिसले तर ते फळलेलेच नाही. रक्ताचे नुसते कडे दिसले तर जीव मेलेला आहे. बाद अंडी लगेच काढावीत.

आठव्या दिवसापासून रोज एकदा पेटी उघडून अंडी दहा-पंधरा मिनिटे गार होऊ द्यावीत व त्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा, असा बदकपालनातील जुना प्रघात आहे. पाण्यातून चरून आलेली मादी ओल्या अंगाने अंड्यांवर बसते, त्याची ही नक्कल म्हणता येईल. शिडकावा केला तरी निर्णय तराजूचाच मानावा. गार करण्याचे महत्त्व मात्र दुसऱ्या पंधरवड्यात विशेष आहे. मोठ्या झालेल्या जिवाच्या अंगातून स्वतःचीच उष्णता निघू लागते आणि मोठ्या अंड्यातून ती सहज बाहेर पडत नाही. बांगलादेशात विजेवाचून अंडी उबविणारे लोक याचाच लाभ घेतात. भाताच्या तुसाने वेढलेल्या नळकांड्यांत, कंदिलाच्या उबेवर ते बदकाची अंडी वाढवितात आणि पुढे ती मोकळ्या बिछान्यावर पसरून नुसती गोधडी पांघरतात. उरलेले काम अंडी आपल्याच उबेवर पार पाडतात. तेव्हा ज्याच्या पेटीत वीस-पंचवीस अंडी खेटून आहेत, त्याने विसाव्या दिवसानंतर उष्णतामापकाकडे अधिक वेळा पाहावे.

वीज गेली असता, आणि उन्हाळ्यात

वीज गेली की घरात घबराट होते. वास्तविक तास-दोन तासांच्या गारव्याने अंडी सहसा मरत नाहीत, पिले थोडी उशिरा निघतात इतकेच. पेटी उघडू नये, वर घोंगडी टाकावी. पण भोके झाकू नयेत. खोळंबा लांबला तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेला ठेवाव्यात.

खरे भय उलट दिशेने आहे. ४० अंशांच्या पुढचे उष्णतामान थोड्या वेळातही घात करते. घरची पेटी हवा तापवू शकते, थंड करू शकत नाही. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत खोलीच चाळीस अंशांवर गेली, तर नियंत्रकाने बल्ब बंद करूनही काही उपयोग होत नाही. म्हणून सिद्धेश्वरच्या परिसरात दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत घाल टाकावी आणि उन्हाळ्यात पेटी झाकून ठेवावी, हेच हिताचे. हिवाळ्यातही ती आतल्या खोलीत, खिडकी व चुलीपासून दूर असावी.

शेवटचे तीन दिवस

पंचविसाव्या दिवशी फिरविणे, गार करणे व शिडकावा ही तिन्ही कामे थांबवावीत. अंडी खडबडीत कापडावर आडवी ठेवावीत, उष्णतामान अर्धा अंश कमी करावे व दुसरी थाळी ठेवून आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर न्यावी. वातीचा उष्णतामापक आता ३२ ते ३३ अंश दाखवील. पिलू प्रथम आतील पोकळीत चोच घालते, मग कवचास तडा पडतो, आणि त्यानंतर ते पुष्कळ तास निपचित राहते. कोंबडीच्या पिलापेक्षा ही वाट लांब असते. एक दिवस व त्याहूनही अधिक काळ जाऊ शकतो. या वेळी पिवळा बलक पोटात ओढला जात असतो व पापुद्र्यातील रक्त अंगात परतत असते. ममतेपोटी कवच सोलून पिलू बाहेर काढणारा त्याच्या नाळेतून रक्त वाहविण्याचा धनी होतो. पेटी वारंवार उघडल्यानेही ओल निघून जाते व पापुद्रा वाळून पिलास आवळतो. मुलांना पाहावयाचेच असेल तर झाकणात काच बसवावी.

निघालेले पिलू पोटातील बलकावर एक-दोन दिवस काढते, म्हणून लव वाळेपर्यंत त्याला पेटीतच राहू द्यावे. नंतर ३२ अंशांच्या उबेत ठेवून दर आठवड्यास सुमारे तीन अंश उतरवीत जावे. पाण्याचे भांडे चोच व नाकपुड्या बुडतील इतके खोल, पण अंग बुडणार नाही इतके अरुंद असावे. पेटीतील पिलाला आईच्या पिसांचे तेल लागलेले नसते. ते पाण्यात सोडले तर भिजून गारठते. पिसे येईपर्यंत त्याला पोहावयास सोडू नये. बुरशी लागलेला मका वा भुईमुगाची पेंड बदकाच्या पिलांना कोंबडीच्या पिलांहून किती तरी अधिक विषारी ठरते. ओलसर राहिलेला दाणा जनावरांनाही घालू नये, मग या पिलांची गोष्ट काय! शेतात गोगलगाईंसाठी विषारी आमिष टाकले असेल तर त्या बांधाकडे बदके फिरकू देऊ नयेत.

मोठी झालेली बदके धरणाच्या पाण्यावर सोडण्याचा मोह होईल, तो आवरावा. हिवाळ्यात मराठवाड्यातील जलाशयांवर परदेशी पाणपक्षी उतरतात. त्यांच्यापासून बर्ड फ्लूचा विषाणू येऊ शकतो, आणि बदक वरून धडधाकट दिसत असूनही तो वाहून कोंबड्यांपर्यंत नेऊ शकते. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या मेल्या व तपासणीत हाच रोग निघाला. त्यानंतर परिसरातील पक्षी नष्ट करावे लागले. बदकांना अंगणातच सिमेंटची उथळ टाकी करून द्यावी व तिचे पाणी वरचेवर बदलून परसातील झाडांना घालावे. बदके व कोंबड्या निरनिराळ्या खुराड्यांत ठेवाव्यात. पक्षी एकाएकी मरू लागले तर मेलेल्यांना हात न लावता, ते न विकता वा न फेकता, त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.